न मारलेली ढुशी

मी न्हावी आहे आणि तोंडाचा फटकळ आहे. दोन्ही गोष्टी बापाकडून आल्या. प्लाताफोर्मा वस्तीत, स्टेशनवरून वर चढणाऱ्या गल्लीत माझं दुकान. देजानिराबद्दल मी जे सांगणार आहे ते गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं नाही. ती रिंगणात खेळायची तेव्हा ढोलावर माझेच हात असायचे. आजही कोणी माझ्यासमोर वस्ताद निकानोरचं नाव घेऊन छातीला हात लावला की माझं तोंड सुटतं. लावा हात. माणूस मोठाच होता. पण मोठ्या माणसानं केला म्हणून अन्याय लहान होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

देजानिरा मूळची खाडीपलीकडच्या मारागोजिपेची. चिखलात मांडीभर उतरून खेकडे धरणाऱ्यांच्या घरातली. परकर नेसायच्या वयात तिला इकडे मावशीकडे धाडलं. शिकायला, असं आईला सांगितलं होतं. मावशीनं तिला धुणं शिकवलं, भांडी शिकवली आणि स्वतःची पोरं तिच्या कडेवर दिली.

निकानोर तेव्हा गोदीत पोती वाहायचा आणि रविवारी घराच्या तळमजल्यावर कापोएराचं, म्हणजे ढोल-गाण्याच्या तालावर लढायच्या खेळाचं, रिंगण भरवायचा. जुन्या अंगोला पद्धतीचा खेळ, जमिनीलगतचा, धीराचा. बायकांना आत यायला बंदी नव्हती, पातेली घेऊन आल्या तर. देजानिरा घेवड्याचं पातेलं ठेवायची आणि दारात उभी राहून गाण्याचं पालुपद धरायची. आवाज खणखणीत. एका रविवारी धो धो पाऊस लागला, माणसं आली नाहीत. वस्ताद बेरिंबावाच्या, त्या भोपळा लावलेल्या एकतारी धनुष्याच्या, पायाशी उकिडवा बसलेला, समोर खेळायला कोणी नाही.

"काय गं, नुसतं गातेस, की काही येतं?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

तिनं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि सरळ त्याच्या समोर जाऊन बसली. दारात उभं राहून पोरीनं सगळा खेळ डोळ्यांनी उचलला होता. पोट जमिनीला, नजर वर, आणि चाल तिरपी. वस्ताद तिला पकडायला बघतोय आणि ही त्याच्या बगलेतून भलतीकडेच निघतेय. शेवटी तो मटकन बसला आणि हसत सुटला. "अरे, ही तर खेकडी!" आमच्यात पाळण्यातलं नाव आईबाप ठेवतात आणि रिंगणातलं नाव वस्ताद ठेवतो. त्या दिवसापासून ती खेकडी झाली.

आता खेळाचं एक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाडणं हे आमच्यात काही मोठं काम नाही. लाथ गाढवही मारतं. लाथ समोरच्याच्या कानापर्यंत न्यायची आणि तिथं थांबवायची. तो वाचला तो तुमच्या मर्जीनं वाचला हे त्याला कळू द्यायचं. यात खेळ आहे. ज्याला दाखवली त्यानं मान लववायची, हसायचं, कबूल करायचं. मग पुढे चालू. वस्ताद म्हणायचा, "दाखवली म्हणजे लागली."

खेकडीसारखं दाखवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. विशेषतः तिची ढुशी. खालून, हातांवर चालत यायची आणि डोकं तुमच्या छातीशी येऊन थांबायचं. मला एकदा तिनं दाखवली होती. केसांचा वास आला नाकाला, पण धक्का म्हणून लागला नाही. त्या दिवशी कळलं की आपण ढोलच वाजवावा.

तिचं चुकलं ते इथंच. रिंगणातलं हे शास्त्र तिनं रिंगणाबाहेर नेलं. नवरा मिळाला एदेवाल्दो, बसवर कंडक्टर. त्यानं शेजारच्या लोबातो वस्तीत दुसरं घर केलं. बाई कोण, कुठली, हिला सगळं ठाऊक. हिनं आरडाओरडा केला नाही. त्याचे सगळे शर्ट धुतले, कडक इस्त्री केली, आणि स्वतः जाऊन त्या बाईच्या हातात दिले. परत येताना माझ्या दुकानात डोकावली. "आता कळेल त्याला," म्हणाली. काय कळणार? मेल्याला फुकट इस्त्री मिळाली. तो तिकडेच राहिला.

ती नोकरीला होती त्या दवाखान्याच्या धोबीखान्यातही तेच. हिनं शिकवलेल्या पोरी हिच्या वरच्या जागेवर गेल्या आणि ही त्यांना 'बाई' म्हणून हाका मारत राहिली. मी चिडायचो. ती म्हणायची, "तेओ, ज्याला दिसायचं त्याला दिसतं." तिच्या या वाक्याचा मला इतका राग यायचा की मी गिऱ्हाइकाचे कल्ले वाकडे कापायचो.

मग वस्तादाचे गुडघे गेले. गोदीतल्या पोत्यांनी खाल्ले ते. पाठोपाठ हात थरथरायला लागला. तेव्हापासून शाळा खेकडीनंच चालवली. रविवारचं रिंगण, मधल्या दिवसांची शिकवणी, बेरिंबावांचे भोपळे वाळवणं, तारा लावणं, नव्या पोरांना झुलायला शिकवणं, भांडखोरांना कान धरून बाहेर काढणं. अर्धं प्लाताफोर्मा तिच्या हाताखालून गेलं. वस्तादाचा मुलगा अद्रोआल्दो, तो शेंबडा होता तेव्हा त्याला पहिलं पाऊल टाकायला शिकवलं तेही तिनंच. तो पुढं फ्रान्सात लियाँला गेला आणि तिथं कापोएरा शिकवून बरा जम बसवला. सणावारी फोन करायचा, तोही लवकर ठेवायचा.

सगळं काम तिचं होतं. नाव वस्तादाचं. आमच्यात वस्तादपण मागून मिळत नाही, आणि स्वतःहून घेता तर येतच नाही. जुन्या वस्तादानं भर रिंगणात, दुसऱ्या शाळांच्या वस्तादांच्या देखत, स्वतःच्या तोंडानं नाव घ्यायचं आणि थोरला हातात द्यायचा. थोरला म्हणजे तीन बेरिंबावांतला सगळ्यांत मोठ्या भोपळ्याचा, खर्जातला. तो ज्याच्या हातात त्याचा हुकूम: तो वाजला की खेळ सुरू, तो झुकला की खेळ बंद. खेकडी दर रविवारी थोरला वाजवायची, पण वस्तादाच्या वतीनं. मालक परगावी असताना दुकान सांभाळावं तसं.

"एकदा तोंड उघडून माग," मी म्हणायचो.

"तू दाढ्या कर, तेओ. मागून घेतलं तर ती भीक झाली."

"आणि न मागता नाही मिळालं तर?"

"आंधळे आहेत का ते? रोज बघतायत."

आंधळे कोणीच नव्हते. तेच तर दुखणं होतं.

एके वर्षी वस्तादाला झटका आला. तोंड जरासं वाकडं झालं, चालणं काठीवर आलं. बरा होऊन बसता झाल्यावर त्यानं आम्हा जुन्या मंडळींना बोलावलं. "यंदा सांता बार्बाराच्या सणाच्या दिवशी थोरला खाली ठेवणार मी," म्हणाला. मग देजानिराकडे वळला. "पोरी, पांढरे कपडे शिवून घे."

बस, एवढंच बोलला. आता हे ऐका. थोरला देण्याच्या दिवशी नवे पांढरे कपडे दोघांच्याच अंगावर असतात. एक, ज्याला वस्ताद करायचं तो. दुसरा, जो त्याच्याशी पहिला खेळ खेळतो तो. कारण तो पहिला खेळ ही परीक्षा, आणि परीक्षा घ्यायला घरातला सगळ्यांत पक्का गडी लागतो. खेळ संपेपर्यंत पांढऱ्याला माती लागू द्यायची नाही, ही त्यातली शान. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. आम्हालाही माहीत होतं. पण आमच्या कोणाच्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. तिच्याशिवाय द्यायचा कोणाला?

तिनं चांगलं जाड कापड घेतलं. आरशासमोर उभी राहून मला विचारलं, "बाह्या लांब नाहीत ना?" त्या वयात मी तिला लाजताना पाहिलं. आणि गल्लीत तिनं जाहीर केलं, "यंदा भेंडी मी चिरणार नाही. दुसरं कोणी बघा."

ही गोष्ट लहान नव्हती. सांता बार्बाराला भेंडीचा कारुरु व्हायचा, सुक्या कोळंबीचा, पामतेलातला. आणि टोपलीच्या टोपली भेंडी दर वर्षी तीच चिरायची. बायकांनी लगेच टोमणा मारला, "राणीसाहेबांचे हात चिकट व्हायला नकोत हो!"

"नकोतच," ती म्हणाली. "तार घसरते."

सण आला. सकाळी सगळे लाल कपड्यांत देवळात जाऊन आले. दुपारी तळमजला गच्च भरला. बाहेरचे वस्ताद बाकावर ओळीनं बसले होते, त्यांत वयानं सगळ्यांत थोर ब्राउलिओ, ज्याच्या शब्दाला सगळ्या शाळांत मान. आणि अद्रोआल्दो आला होता. आपले फ्रेंच शागीर्द घेऊन, कॅमेरे घेऊन. अंगात पांढरे कपडे.

मी ढोलावरून ते कपडे पाहिले आणि मग तिचे पाहिले. तिनंही पाहिले. चेहरा हलला नाही तिचा. मला वाटतं तेव्हाही ती मनाशी म्हणत असेल, मुलगा आहे, पहिला खेळ तो खेळणार असेल.

वस्तादानं थोरला झुकवला. मी ढोल थांबवला. "हे माझं रक्त," तो म्हणाला, आणि थोरला मुलाच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. फ्रेंच पोरी रडल्यासुद्धा. मग वस्ताद पुढे म्हणाला, "आणि ही आपली देजानिरा. हिच्याशिवाय या घरात पान हलत नाही. पहिला खेळ ही खेळेल."

"अहो, हिच्याशिवाय पान हलत नाही, तर झाड हिच्या नावावर करा की!" मी ढोलावरूनच ओरडलो.

दोघं-तिघं हसले. ब्राउलिओ आपल्या बुटांकडे बघत बसला. अद्रोआल्दो गोड आवाजात म्हणाला, "तेओकाका, ताल धरा." मी हात उचलले नाहीत. तेव्हा तीच माझ्याकडे वळली. "वाजव," म्हणाली. मग वाजवलं.

अद्रोआल्दोनं थोरला बापाच्या मांडीला टेकवून दिला आणि तो खेळायला उतरला. खेळाडू वाईट नव्हता. उंच उड्या, हवेत गिरक्या. त्याची माणसं 'वा वा' करत होती. ती खाली, नेहमीसारखी तिरपी, त्याच्या सावलीत शिरून निघत होती. एकदा पाय कानाशी दाखवला. एकदा टाच बरगडीशी. त्यानं न बघितल्यासारखं केलं. मग तिनं ढुशी काढली. हातांवर आली, डोकं त्याच्या छातीशी आणलं आणि थांबवलं. शर्टाच्या बटणाला तिचे केस लागले असतील, एवढंच अंतर. बाकावरच्या वस्तादांनी श्वास आत घेतला तो मला ढोलावर ऐकू आला. मारली असती तर पोरगा भिंतीला जाऊन आदळला असता. ती तशीच थांबली, मान वर केली आणि हसून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान लववायची वाट बघत.

काय गेलं असतं लववली असती तर?

त्यानं तिच्या टाचेत पाय अडकवला आणि खेचला. ती दाणकन बसली, बुडावर. पांढऱ्या कापडाला लादीची सगळी माती लागली. फ्रेंच मंडळींनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळणार, त्यांना पडलेलं तेवढं दिसलं. "मावशी, वय झालं हं आता," म्हणत त्यानं हात पुढे केला. रीत आहे म्हणून तिनं तो धरला, उठली, बेरिंबावाच्या पायाशी जाऊन जमिनीला हात लावला.

ज्यांना कळलं होतं ते सगळे वस्तादाकडे बघत होते. तो म्हणाला, "रिंगणात जो गाफील, त्याचाच दोष."

हेही खरं आहे. हाही आमचाच नियम. दोन्ही नियम आमचेच, आणि कुठला कधी लावायचा हे थोरला ज्याच्या हातात असतो तो ठरवतो.

त्या दिवशीचा कारुरु अद्रोआल्दोच्या शागिर्दांनी हौसेनं चिरलेल्या भेंडीचा होता. धुतली आणि ओलीच चिरली. नुसता शेंबूड झाला होता. लोकांनी तोही ताटं पुसून खाल्ला आणि वर तिलाच ऐकवलं, "देजानिराच्या हाताची चव नाही बाई." ती मळक्या कपड्यांतच ताटं उचलत होती.

मी ढोल आत ठेवायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात वस्तादासमोर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं. "वस्ताद, मला का नाही?"

तो ताटातलं चिवडत म्हणाला, "त्याला दिलं नसतं, तर तो परत आला नसता, पोरी. तू कुठे जाणार आहेस? तू तर आहेसच."

"आहेच," ती म्हणाली.

"आणि तुला काय, सगळे मानतातच."

हे ऐकून मी बाहेर येऊन भिंतीवर थुंकलो.

अद्रोआल्दो आठवड्यात लियाँला परतला. तिकडे त्याची मोठी पोस्टरं लागली, 'वस्ताद' लिहिलेली. कोणीतरी फोटो दाखवले. इथं खेकडीनं पुढच्या रविवारी पुन्हा रिंगण भरवलं. थोरला उचलला तेव्हा शेजारच्या वस्तीतून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "कोणाच्या नावानं वाजवताय, बाई?" त्यानं खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. आमच्यात विचारतात. पूर्वी ती म्हणायची, वस्ताद निकानोरच्या. आता निकानोरनं थोरला खाली ठेवला होता. अद्रोआल्दोचं नाव तिच्या जिभेवर येईना, आणि स्वतःचं घ्यायची तिला परवानगी नव्हती. तिनं थोरला भिंतीला लावून ठेवला. त्यानंतर तळमजल्यावर पोरांच्या सायकली राहू लागल्या.

वस्तादाला दुसरा झटका आला तेव्हा मुलानं पैसे पाठवले, स्वतः आला नाही. सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, त्याला धुणं-भरवणं सगळं खेकडीच करायची. मी म्हणालो, "तुला लाज कशी वाटत नाही?"

"मग त्याला कोण बघणार? पोस्टर?"

जूनमध्ये संत जॉनचा सण आला. गल्लीत दारोदार होळ्या रचल्या होत्या, उकडलेल्या शेंगांचा वास सुटला होता. सणाची दाढी करायला मी वस्तादाकडे गेलो. तो वरच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसला होता. देजानिरानं त्याला मक्याची खीर भरवली आणि वाटी हातात घेऊन तिथंच बसली. मी फेस लावला, एक गाल केला. तेवढ्यात तो वाकड्या तोंडानं, पण स्पष्ट बोलला.

"खेकडी. माझ्यामागं वस्ताद तूच. खरी वस्ताद तूच."

माझा वस्तरा थांबला. खोलीत आम्ही तिघंच. तिनं वाटी खाली ठेवली. ती उठली आणि खिडकी सताड उघडली.

खाली झाडाखाली म्हातारे डॉमिनो खेळत बसले होते. त्यांत ब्राउलिओ होता, सणाला लेकीकडे आलेला.

"वस्ताद ब्राउलिओ खाली आहेत," ती म्हणाली. "आता म्हणा. मोठ्यानं नाही जमलं तरी चालेल, मी त्यांना वर बोलावते."

खिडकी उघडलेली बघून ब्राउलिओनंच मान वर केली. टोपी काढली. "निकानोर! काय म्हणतोस रे?" खालचे सगळे थांबून वर बघू लागले. एक शब्द पुरला असता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल, म्हाताऱ्या, बोल, तुझ्या बापाचं काय जातंय.

निकानोरनं त्या खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. शाबूत हात जरासा उचलून खाली दाखवला, बरा आहे म्हणून. मग म्हणाला, "वारा लागतोय. लाव ती."

ती हलली नाही.

"लाव ना, पोरी. खोकला येतो मला."

तिनं खिडकी लावली. कडीसुद्धा घातली.

मी टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. "उरलेली दाढी तुझ्या रक्ताकडून करून घे," म्हणालो आणि तरातरा जिना उतरलो. वाटलं, ती मागोमाग येईल. खाली पोचलो तरी पावलं ऐकू येईनात. वस्तराही वरच राहिला होता, म्हणून परत चढलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती. दोन बोटांनी त्याची हनुवटी वर धरून, माझ्या वस्तऱ्यानं दुसरा गाल करत होती. म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तिनं फेसाबरोबर पुसून टाकलं.

"हलू नका," ती म्हणाली. "कापेल."

कुठंही न कापता तिनं दाढी पुरी केली, वस्तरा धुतला, पुसला आणि मला दिला. "परवा वाढेल परत," म्हणाली. "परवा ये."

परवा मी गेलो नाही. दाढी करायला तीच गेली.